तिसरं वर्तुळ

भूकंपाचा धक्का बसला तशी रश्मीनं अमरावतीच्या भूकंपमापन केंद्रात नकाशा उघडला. लाटांच्या नोंदीवरून अंतर कळतं, दिशा नाही. अमरावती आणि अकोला केंद्रांभोवती त्या अंतरांची काढलेली वर्तुळं दोन ठिकाणी छेदत होती: नांदगाव खंडेश्वरला, म्हणजे तिच्या माहेरी, आणि चांदूर बाजारजवळ. भूकंप साडेपाच रिश्टरच्या वरचा होता. मातीची घरं टिकणं कठीण होतं. आता यवतमाळचं तिसरं वर्तुळ काय ते सांगणार होतं.

"आमच्या गावाले नको," ती पुटपुटली.

वर्तुळ चांदूर बाजारवरून गेलं.

"वाचलो बाप्पा!" ती ओरडली आणि सहकारी नासिरकडं वळली.

त्यानं फोन कानाला लावलेला होता.

"माही बहीण तिकडंच लग्न करून देली आहे, ताई," तो म्हणाला. "फोन उचलून नाही राहिली."