एका शब्दाची दोन घरं

रामलालच्या घरी पहिला नातू झाला, ते साल एकोणीसशे साठ. त्याच उन्हाळ्यात पंचावन्न वर्षांचा रामलाल वाचायला शिकला होता. फुलसावंगीजवळच्या तांड्यावर किसनराव गुरुजी मोठ्या माणसांचा वर्ग घ्यायचे. रामलालला अक्षर लागलं आणि तो घरोघरची पत्रं वाचू लागला. तांडा त्याला 'मास्तर' म्हणू लागला. ती हाक त्याला इतकी गोड लागली, की नातवाचं नावही मास्तरच ठेवायचं, असं त्यानं सांगून टाकलं.

पुढच्या होळीला धुंड होती. वर्षभरात झालेल्या पोराचं तांडा असं कौतुक करायचा, आणि त्यात तांड्याच्या प्रमुखानं, नायकानं, नाव पुकारलं की ते जन्माचं.

होळीच्या सकाळी बायकोनं, हंसाबाईनं, त्याला गाठलं.

"सून म्हन्ते, हे नाव नको."

"काहून?"

"साऱ्या तांड्यासाठी तुमीच मास्तर! सासऱ्याचं नाव तिनं तोंडात घ्याचं कसं? लेकराले हाक काय मारन? अगा, इकडे पाय?"

दाराआडून सून रुक्माबाई 'याडी', म्हणजे आई, अशी सासूलाच हाक मारत म्हणाली, पण रामलालला ऐकू जाईल अशी, "याडी, मले माह्या लेकराले नावानं बलवाचं हाय."

रामलालचं तोंड उतरलं. नाव सोडवेना, आणि सुनेचं खोटं म्हणवेना. पायात वहाणा अडकवून तो तडक फुलसावंगीला गुरुजींच्या घरी निघाला.

"गुरुजी, मास्तर या शब्दाले कोनी सख्खा भाऊ हाय का?"

किसनराव हसले. त्यांनी जाडजूड कोश उघडला, आणि बोट फिरवता फिरवता खुर्चीवरून उठलेच.

"आहे की! रामलाल, हा शब्द मूळचा इंग्रजांचाही नाही. जुन्या रोममध्ये लॅटिन बोलत. तिच्यात मॅगिस्टर म्हणजे दुसऱ्यांहून वरचा, शिकवणारा. इंग्रजांच्या तोंडून तो मास्तर झाला. पण त्याआधीच पोर्तुगिजांनी तोच शब्द गोव्यात आणला होता. त्याचा झाला मेस्त्री. आपला मिस्त्री!"

"म्हंजे आमच्या तांड्याचा फुलचंद मिस्त्री अन् मी एका खानदानाचे?"

"शब्दानं, हो!"

रामलाल परतीची वाट जवळजवळ पळतच आला. फुलचंद बंडीचं चाक ठोकत बसला होता.

"फुलचंद, तू अन् मी भाऊ हावो रे!"

"होळी हाय मास्तर, पन इतक्या सकाळी पेले?"

संध्याकाळी डफ वाजले. धुंडीच्या रीतीनं पोरांनी बाळाच्या डोक्यावर काठ्या आडव्या धरल्या. नायक रामसिंगनं विचारलं, "नाव?"

"कागदावर मास्तर. घरात मिस्त्री. दोन्हीचा बाप एकच!" रामलालनं रोमपासून गोव्यापर्यंत सारं सांगितलं.

"तुह्या नातवाच्या नावाले दोन घरं झाली म्हन की!" रामसिंग हसला आणि त्यानं दोन्ही नावं पुकारली.

रुक्माबाईनं घुंगट सावरला, पोराला वर उचललं आणि साऱ्या तांड्यादेखत मोठ्यानं म्हणाली, "मिस्त्री! ए माह्या मिस्त्री!"

डफ पुन्हा कडाडले. रामलाल काठी घेऊन पोरांमध्ये नाचायला घुसला.

रामलाल मास्तर एकोणीसशे सदुसष्टच्या माघात तापानं वारला, तेव्हा त्याचा मिस्त्री सहा वर्षांचा होता.