ओल्या पानांची टोपी

मला धीर नाही, हे आधीच कबूल करते. ताई म्हणते, मी जन्मालासुद्धा महिनाभर आधीच आले.

आम्ही दोघी बहिणी रानशिंदीच्या पानांच्या चटया, टोपल्या आणि टोप्या विणतो. पानं ताई काढते. बुडाशी सुईसारखे काटे असतात, पण तिला कधी ओरखडा नाही. मधला कोंब तेवढा ती राखते, म्हणजे झाड पुन्हा फुटतं. मी गेले की निम्मं रक्त झाडाला देऊन येते. पण हल्ली प्लास्टिकनं आमचं गिऱ्हाईक पळवलं आणि ताईनं बिस्किटाच्या कारखान्यात नाव दिलं. सोमवारी हजर व्हायचं होतं. माझा नुसता जळफळाट झाला. तिच्याशिवाय आमच्या खोलीत मला करमणार नव्हतं, पण ते सांगायला जीभ रेटेना.

तेवढ्यात नदीकाठच्या मोठ्या दुकानाचा मालक आला. ताई बाहेर गेली होती. माझ्या मापाची एक टोपी परवापर्यंत द्या, आवडली तर वर्षभर माल उचलतो, म्हणाला. वाळलेली पानं शेवटच्या चटईत संपलेली. पान आठ दिवस सावलीत वाळवायचं, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. पण आठ दिवस होते कुणाकडे? दोरीनं त्याच्या डोक्याचं माप घेतलं, रानातून ताजी पानं आणली आणि ताईच्या नकळत ओल्याच पानांची टोपी विणून टाकली. काय देखणी झाली होती! शनिवारी सकाळी ती घालून मालक खुशीत गेला.

मी ताईसमोर बढाई मारली, तर तिनं एवढंच विचारलं, की पानं कुठली घेतलीस? माझं तोंड बघून तिला उत्तर मिळालं. ओलं पान वाळताना आवळतं.

दुपारी मालक हजर. टोपी डोक्यावरच होती, कारण ती निघतच नव्हती. कपाळ लालबुंद, भुवया वर ताणलेल्या, सगळ्या जगाचं नवल वाटल्यासारखा चेहरा. माझी पाचावर धारण बसली. ताईनं मात्र त्याला स्टुलावर बसवलं, भिजलं की सैल होईल म्हणाली आणि सरळ डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं. मग दुसरा. मग तिसरा.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "घाईत ओली पानं विणली. ताईला यातलं काही माहीत नव्हतं."

मालकाच्या नाकावरून पाणी ठिबकत होतं. टोपी एकदाची निघाली. त्यानं ती उलटसुलट करून बघितली आणि पोट धरून हसायलाच लागला. म्हणाला, आज नदीवर एवढा वारा होता, की सगळ्यांच्या टोप्या पाण्यात गेल्या, माझी मेली जागची हलली नाही. आठवड्याला वीस द्या म्हणाला, पण वाळलेल्या पानांच्या, आणि हनुवटीखाली बांधायला बंद लावून.

तो गेल्यावर खोलीत ओली फरशी आणि आम्ही दोघी. वीस टोप्या हे एकटीचं काम नव्हे, हे दोघींनाही कळत होतं. पण मला ते कारण द्यायचं नव्हतं.

"राहा ना, ताई. मला तुझ्याशिवाय करमत नाही."

तिनं फरशी पुसायला घेतली.

"राहायलाच हवं," ती म्हणाली. "तू अशीच घाई करणार. मग लोकांच्या डोक्यावर पाणी कोण ओतणार?"