वाचा-उपचाराच्या खोलीतली खुर्ची

मित्रांनो, माझा एक पाय डुगडुगतो, म्हणून त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारलेली आहे. हिंगोलीतल्या एका सुताराने मला सागवानी लाकडातून घडवले. वीस वर्षे मी एका कचेरीत काढली. बैठकीचा वेत फाटला तशी अडगळीत गेले. तिथून ज्योती मॅडमनी मला उचलले, फळी ठोकून घेतली आणि आपल्या वाचा-उपचाराच्या खोलीत ठेवले.

तेव्हापासून अडखळत बोलणारी मुले माझ्यावर बसतात. खरे सांगते, मी थकले आहे. बहुतेक जण दोनदा येतात आणि मग येतच नाहीत.

साखरा गावची पुनमही तशीच जाणार होती. दहावीतली मुलगी, पण तिच्या वतीने आई शालूबाईच बोलायच्या.

"तोंडी परीक्षेच्या धास्तीनं शाळाच सोडते म्हणून राहिली, मॅडम. हे अडकणं पुरतं जाईल का?"

"तसं वचन मी देत नाही," मॅडम म्हणाल्या.

"मग का...काहून येऊ?" पुनमने विचारले. तिने माझे हात घट्ट आवळले होते.

मॅडमनी एका पुस्तकाच्या दुकानाला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि मुद्दाम अडखळत विचारले, "भ...भ...भूगोलाचं पुस्तक आहे का?" पलीकडचा माणूस हसला. मॅडमनी तसेच अडखळत पुन्हा विचारले. "आहे," तो म्हणाला.

पुनम बघतच राहिली. "तुमाला ला...लाज न्हाई वाटली?"

"वाटली ना. पण पुस्तक आहे, हे कळलं."

पुढच्या मंगळवारी पुनम एकटीच आली. तिने दुसऱ्या एका दुकानाला फोन लावला. "ग...ग...ग..." पलीकडून फोन कट झाला. तिचे डोळे भरून आले. मॅडम शेजारी येऊन बसल्या. बऱ्याच वेळाने पुनमने पुन्हा तोच नंबर लावला.

"ग...ग...गणिताचं पुस्तक हाय का?"

"हाय ना बाई, ये घ्यायला!"

ती अजूनही अडखळते. तोंडी परीक्षेनंतर दोघी मायलेकी आल्या. शालूबाई कौतुकाने सांगू लागल्या, "मॅडम, हिनं सगळी उत्तरं..."

"आई, म...मला सांगू दे की."

पुनमने सांगायला बराच वेळ घेतला. कुणीच मधे बोलले नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाचे शब्द अडत असतील, तर दोनदा येऊन थांबू नका. आणि ज्यांचे अडत नाहीत त्यांनी समोरच्याचे वाक्य त्यालाच पुरे करू द्यावे. मी जुनी झाले असले, तरी तुमचा भार अजून पेलते. या, बसा.