गरम प्लग

दोघा भावांत टॅक्सी एकच. दिवसा थोरला चालवायचा, रात्री धाकटा. सीट थंड व्हायलाही उसंत मिळत नसे. थोरल्याला तर हल्ली झोपेतही पाय क्लचवर असल्यासारखं वाटायचं, आणि इतका शिणलेला माणूस संशय घ्यायला कायम तयार असतो. तसा तो मुळातही फार देवमाणूस नव्हता म्हणा.

निमित्त झालं इंजिनाचं. काही दिवसांपासून पुलाचा चढ लागला की बॉनेटखाली टकटक सुरू व्हायची, डब्यात खिळे घालून हलवावेत तशी. कमी ऑक्टेनचं स्वस्त पेट्रोल भरलं की इंजिन असं ठोकतं, हे सगळ्याच टॅक्सीवाल्यांना ठाऊक असतं. पंपावर साधं, मधलं आणि भारी असं तीन प्रकारचं पेट्रोल मिळे. दोघांनी मधलं भरायचं, असं ठरलेलं. आपण तर तेच भरतो. मग उरला कोण?

आज सकाळी धाकटा किल्ली द्यायला आला, तेव्हा थोरल्याच्या तोंडाचा ताबा सुटला. धाकट्याची बायको शेजारीच उभी होती, याचंही भान त्याला राहिलं नाही.

"साधं भरतोस आणि वरचे पैसे खिशात घालतोस. सख्ख्या भावाच्या घरात चोरी करतोस?"

धाकट्याने किल्ली बॉनेटवर ठेवली.

"रात्रीसाठी दुसरा माणूस बघ, दादा," एवढं म्हणून तो घरात गेला.

दुपारी थोरला गाडी घेऊन मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीने इंजिनातला एक स्पार्क प्लग काढून उजेडात धरला. टोकाची चिनीमाती पांढरीफटक पडली होती.

"हा भाजलाय. पेट्रोलला कशाला दोष देता? प्लग इतका तापतो की ठिणगी पडायच्या आधीच तोच पेट्रोल पेटवून देतो."

"मग असला प्लग टाकलास कशाला?"

"घ्या. तुम्हीच नाही का पाठीस लागलात? ट्रॅफिकमध्ये रखडून प्लग काळे पडतात, सकाळी गाडी चालू होत नाही, काजळी जाळणारे गरम जातीचे टाक म्हणालात. तुमच्या रखडण्याला हे बरोबर आहेत. पण धाकटे रात्री हायवेला पळवतात, तिथे हे भाजून निघतात. आणि एकदा भाजले की तुमच्या चढालाही इंजिन ठोकणारच. मी तेव्हाच म्हटलं होतं, धाकट्यांना विचारा."

थोरल्याने विचारलं नव्हतं. त्यात विचारायचं काय, असं त्याला तेव्हा वाटलं होतं. आता मात्र त्याला स्वतःची मनस्वी लाज वाटली. "हायवेला चालतील ते टाक," तो म्हणाला, आणि मिस्त्रीचं काम होईपर्यंत टायरच्या ढिगावर डोकं धरून बसून राहिला.

संध्याकाळी त्याने धाकट्याचं दार वाजवलं. धाकटा बाहेर आला. डोळे तांबारलेले, दिवसभर झोप झालेली दिसत नव्हती.

"चूक माझी होती," थोरला म्हणाला. "प्लग मीच बदलून घेतले होते. तुला सांगितलंही नाही. तू मधलंच भरत होतास."

"नाही," धाकटा म्हणाला. "भारी भरत होतो. माझ्या वाट्यातून."

"का?"

"मलाही ठोका ऐकू यायचा ना. वाटलं, दादा साधं भरतोय." त्याने मागचं दार ओढून घेतलं. "म्हटलं, घरात काही अडचण असेल, तोंडाने सांगता येत नसेल. विचारलं तर तुला वाईट वाटलं असतं."

थोरल्याने किल्ली पुढे केली. धाकट्याने ती बराच वेळ घेतली नाही.