ज्युनिअर केजीतली रिकामी जागा

श्रियाला दूध नको होतं. रोजच नको असायचं. पूनम एका हातात पेला आणि दुसऱ्या हातात शाळेचा टाय घेऊन तिच्या मागे मागे फिरायची, आणि पोर दात आवळून उभी. चार वर्षांचं लेकरू, पण दात असे आवळायचं की चमचा आत जायचा नाही.

"श्रिया, ड्रिंक मिल्क. क्विक! व्हॅन येईल आता."

चंद्राबाई खाली बसून नातीचे मोजे उलटे-सुलटे करत होती. 'पी गो बाय, दोन घोट पी,' असं तिच्या अगदी ओठांवर आलं, पण तिनं ते गिळलं. या घरात आजीनं नातीशी बोलायचं नाही असं ठरलेलं होतं. कुणी भांडून ठरवलं नव्हतं. चहा पिता पिता, हसत हसत ठरलं होतं, आणि असं ठरलेलं मोडायला फार जड जातं.

खाली व्हॅनचा हॉर्न वाजला. दूध तसंच राहिलं. पोर दप्तर घेऊन जिना उतरली.

चंद्राबाईचं खरं घर आंबेनळी घाटाच्या अंगाला, पोलादपुरातून वर चढून गेलं की डोंगरावरच्या वाडीत. तिथं तिचा नवरा नाथू, शेरडं, दोन म्हशी आणि नाचणीची खाचरं. मुलगा जितेश महाडच्या एमआयडीसीत कामाला लागला, त्यानं तिथंच महाड गावात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. नात शाळेत जायची झाली तेव्हा तो म्हणाला, "आये, तू ये खाली. पोरीला बघायला कुणीतरी पायजे." म्हणून शेरडं नवऱ्याच्या गळ्यात टाकून म्हातारी खाली आली. नातीशी चार गोष्टी बोलायला मिळतील, एवढीच तिची हौस.

आणि आल्या आल्या तिचंच तोंड बंद झालं.

शाळा सुरू व्हायच्या आधी पालकांची सभा झाली होती. मोठ्या मॅडमनी पडद्यावर चित्रं दाखवून समजावलं, या वर्षात तुमच्या मुलाकडून काय काय अपेक्षा ठेवायची. सगळं इंग्रजीत. पेन्सिल कशी धरेल, किती आकडे म्हणेल, पोएम कशी म्हणेल. खुर्च्यांवर बसलेले निम्मे आईबाप तळीयेच्या, वीरच्या, कुठल्या कुठल्या वाड्यांतले. समजलं कुणाला नाही, माना सगळ्यांनी हलवल्या. 'बाई, हे आमच्या बोलीत सांगा,' असं विचारायची एकाची छाती झाली नाही. विचारणारा अडाणी ठरला असता ना! शेवटी मॅडम एकच गोष्ट मराठीत बोलल्या. "घरी मराठी चालू ठेवलंत तर आमची वर्षभराची मेहनत वाया. विशेषतः आजी-आजोबांना जरा समजवा."

सगळे हसले. चंद्राबाईही हसली. तिला वाटलं, गंमत चाललीय.

गंमत नव्हती. खालच्या मजल्यावर विनोदिनीकाकू राहायच्या. जन्मभर मराठी शाळेत शिकवून पेन्शन घेणाऱ्या बाई. श्रियाला ही शाळा मिळाली ती त्यांच्या ओळखीनं, म्हणून पूनमला त्यांचा शब्द म्हणजे देवाचा शब्द. त्या चहाचा कप खाली ठेवत म्हणाल्या, "चंद्राबाई, तुमचं बोलणं कानाला गोड वाटतं हो. पण पोरीच्या जिभेला ते 'हाय' आणि 'नाय' एकदा चिकटलं की जन्मभर निघत नाही. एक वर्ष तोंडाला कुलूप लावा. पुढं नात फाडफाड बोलायला लागली की तुम्हालाच मिरवायचंय."

"लावते की कुलूप," चंद्राबाई म्हणाली. "चावी तेवढी तुमच्याकडं ठेवा."

काकू खूप हसल्या. पूनम नाही हसली. तिनं ते मनावर घेतलं. पूनम पोलादपुरात बारावी झालेली, कॉलेजात शहरातल्या मुली तिच्या बोलण्याची नक्कल करायच्या ते ती विसरली नव्हती. आपल्या पोरीला कुणी हसू नये, एवढंच तिला हवं होतं. तिनं घरात भिंतींवर चित्रं लावली, स्वतः मोबाईलवर बघून वाक्यं पाठ केली. नाथूचा रविवारी फोन यायचा, "शेरडीला दोन पिल्लं झालीत गो, एक अगदी तुज्यासारखं काळं-गोरं," असं तो नातीला सांगायचा. पूनमनं तेही बंद केलं. फोन चंद्राबाईला द्यायची. तिकडून नाथू विचारायचा, "पोर कुठाय?" आणि इकडून बायको सांगायची, "शिकतेय."

आता वर्गात काय झालं ते ऐका. घरी ते कित्येक महिने कुणाला कळलं नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात श्रिया बाकावरून उठली आणि म्हणाली, "बाय, मला मुताय लागलंय." वाडीवर हाच शब्द. तिथं त्यात लाजायचं काही नसतं. वर्गातली पोरं फिदीफिदी हसली. टीचर कोवळी मुलगी, याच मुलखातली, घरी तीही हेच ऐकत वाढलेली. पण वर्गात कॅमेरा होता आणि कॅमेऱ्याच्या पलीकडं मॅडम. ती म्हणाली, "नो डर्टी वर्ड्स, श्रिया. फुल सेंटेन्स. से, मे आय गो टू टॉयलेट, प्लीज?"

श्रिया 'मे आय' पर्यंत पोचली आणि अडली. "अगेन," टीचर म्हणाली. पोर परत 'मे आय' वर अडली. तिसऱ्यांदा तोंड उघडायच्या आत बाकाखाली ओघळ गेला.

घरी आल्यावर ओली चड्डी पिशवीत बघून पूनमनं तिला एक ठेवून दिली. आणि चंद्राबाई, जिनं इतके दिवस तोंड मिटलं होतं, तिनं ते उघडलं तेही कशासाठी? "शरम नाय वाटत गो? एवढी घोडी झालीस!"

त्या दिवशी पोरीनं आपलं आपणच शोधून काढलं. पाणी प्यायलं की लागते. नाही प्यायलं की लागत नाही. त्या शाळेत तिला नीट समजलेली गोष्ट हीच, आणि ती कुणी शिकवलेली नव्हती.

पाण्याची बाटली भरलेली जायची, भरलेली यायची. पूनमला वाटायचं, शाळेत फिल्टर आहे, तिथलं पीत असेल. परत ओली चड्डी कधी आली नाही, त्याचं उलट घरात कौतुक झालं. मॅडमनी फोन करून सांगितलं, "श्रिया इज सो क्वायट नाऊ. गुड गर्ल." कपाळावर चांदणी चिकटवून पोर घरी आली त्या दिवशी शिरा झाला. चंद्राबाईनं नाथूला फोनवर सांगितलं, "तुजी नात शाळंत पयली हाय. मेमसाब झालीय."

दुपारी व्हॅनमधून उतरली की ती आधी माठाकडं धावायची. घटाघटा पाणी प्यायची, पेल्यावर पेला. महाडचा उकाडा, असं सगळे म्हणायचे. बोलायची मात्र नाही. घरची बोली काढून घेतलेली, शाळेची अजून यायची होती. मधल्या मधे त्या लेकराकडं काहीच उरलं नव्हतं. आणि घर म्हणत होतं, किती शहाणी झाली.

दिवाळीनंतर ताप यायला लागला. दोन दिवस यायचा, जायचा. पूनम तापाचं सिरप द्यायची. "शाळा सुरू झाली की पोरं आजारी पडतातच," विनोदिनीकाकू म्हणायच्या, आणि ते खोटंही नाही. म्हणूनच कुणाला शंका आली नाही.

शिमग्याच्या थोडं आधी एका सकाळी पोर थंडीनं कुडकुडायला लागली, ओकली, पाठ धरून वाकडी झाली. महाडच्या डॉक्टरांनी लघवीचा रंग बघितला आणि म्हणाले, "इथं थांबू नका." मुंबईच्या वाटेवर एका मोठ्या दवाखान्यात तिला भरती केलं. तिथल्या डॉक्टरीणबाई पूनमला विचारत होत्या, पाणी किती पिते, शाळेत लघवीला जाते का. पूनमला एकाही प्रश्नाचं उत्तर देता येईना. त्यांनी श्रियाला विचारलं, मराठीत, प्रेमानं. श्रियानं आईकडं बघितलं आणि दात आवळले.

तेव्हा चंद्राबाई उठली. तिनं सुनेला विचारलं नाही. पलंगावर चढून पोरीला सलाईनच्या नळीसकट मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "काय झालं गो माज्या बायला? मला सांग. कुणी नाय मारणार."

किती दिवसांनी ऐकलेलं ते बोलणं! पोरीनं आवळलेले दात सोडले.

"आजी, पानी प्याली की मुताय लागते. मंग टीचर विचारते. मला नाय येत. म्हनून मी नाय पीत."

पूनमनं पाण्याचा पेला उचलून पोरीच्या ओठांना लावला.

पोरगी वाचली. पण दुखणं मूत्रपिंडापर्यंत चढलं होतं. आधीचे ताप तेच होते. एका मूत्रपिंडाला कायमची इजा झाली, ते आता पहिल्यासारखं होणार नाही, जन्मभर जपायचं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. कुणाला दोष दिला नाही त्यांनी. दोष दिला असता तर बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर दोनतीन दिवस गेले. मग जितेश जेवताना हळूच म्हणाला, "थोडेच दिवस राह्यलेत वर्षाचे. मॅडम म्हणतायत, स्पेशल परमिशन देऊ, ती कधीही उठून जाऊ दे. शाळा बदलली तर परत अशी शाळा मिळायची नाय. वर्ष फुकट जाईल."

"नाय," पूनम म्हणाली.

जितेशनं मान वर केली. बायकोच्या तोंडून असं 'नाय' त्यानं लग्नानंतर ऐकलं नव्हतं.

"काय नाय?"

"नाय म्हंजे नाय जायची. मुतायला कसली हो स्पेशल परमिशन? मी माजी जीभ घासून घासून गुळगुळीत केली, मग पोरीची घासली. आता बास." ती रडत नव्हती. भाताचा घास तिच्या हातात तसाच होता. "तुमी मॅडमला सांगा, नायतर मी सांगते. मराठीत सांगते."

जितेशनं सांगितलं नाही. तीच जाऊन सांगून आली.

पण शाळा सुटली म्हणून काही सुटत नसतं. दवाखान्यातून आल्यापासून श्रिया घरातसुद्धा विचारल्याशिवाय मोरीत जाईना. दारात उभी राहायची, कुणी हो म्हणेपर्यंत पाय घट्ट जुळवून वाट बघायची. चंद्राबाई शंभरदा सांगायची, "जा गो, आपलंच घर हाय." पोर मान डोलवायची, आणि पुढच्या वेळी परत दारात उभी.

एक दिवस विनोदिनीकाकू शहाळी घेऊन भेटायला आल्या. पोरीच्या केसांवरून हात फिरवला, हळहळल्या. खोटं नाही, मनापासून हळहळल्या. श्रिया आतल्या खोलीत खेळायला गेली. मग काकूंनी पदर सारखा केला.

"पूनम, मी काय म्हणते, श्रियाचं नाव तू काढलंसच. म्हणजे एक जागा रिकामी झाली. आमच्या नातवाला, आमोदला, पुढच्या वर्षाच्या वेटिंगवर ठेवलंय गं. माझी ओळख तुमच्या वेळीच खर्ची पडली. तू मॅडमना एक शब्द टाकलास तर..."

पूनमनं शहाळी बाजूला सरकवली. "काकू, माझ्या पोरीचं काय झालं तिथं, ते तुम्हाला माहितेय ना?"

"अगं हो गं, फार वाईट झालं. पण आमोद तसा नाही. धीट आहे. पटकन विचारेल."

चंद्राबाई कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. "काकू, तुमी जल्मभर शाळंत शिकवलंत. तुमच्या वर्गात पोरांना लागली तर कशी जायची?"

"करंगळी दाखवायची नि पळायची," काकू हसल्या. "आमच्या वेळी काय हो..."

"मंग आता पोरांची बोटं झडली काय?"

काकूंचं हसू थांबलं. तेवढ्यात आतल्या दारात श्रिया येऊन उभी राहिली. हात पाठीमागं, पाय जुळवलेले, नजर जमिनीवर. आणि कुठंही न अडखळता तिनं आख्खं वाक्य म्हटलं.

"मे आय गो टू टॉयलेट, प्लीज?"

"अय्या!" विनोदिनीकाकूंनी टाळी वाजवली. "किती स्वच्छ बोलते गं! काही म्हण पूनम, शाळेनं शिकवलं मात्र छान!"

पोर उभीच होती. तिला अजून कुणी हो म्हणालं नव्हतं. पूनम उठली, तिला उचलून कडेवर घेतलं आणि आत गेली. मोरीत पाण्याचा आवाज आला, आणि त्यापाठोपाठ पूनमच्या हुंदक्याचा.

ती जागा आठवडाभरात भरली. आमोदचंच नाव लागलं तिथं. पूनमनं शब्द टाकला नव्हता. दुसऱ्या कुणाचा तरी पुरला.

डॉक्टरीणबाईंकडं दाखवायला जायचं असलं की पूनम पोरीला घेऊन रिक्षानं वीर स्टेशनला जाते, तिथून गाडी धरते. बाकीच्या दिवशी, घरचं आवरलं की, ज्या घरात केजीला जाणारं पोर आहे त्या घराचं दार ती वाजवते. सोबत कधी चंद्राबाई असते, तिचं कुलूप निघालंय ते निघालंच. पूनम आत जाऊन आपल्या पोरीचं काय झालं ते सांगते, कसं झालं ते सांगते, आणि त्यात स्वतःला वगळत नाही. काही जण तिला वेडी म्हणतात. काही तोंडावर म्हणतात, तुमची पोर कमी पडली म्हणून शाळेला कशाला नावं ठेवता. एका बाईनं दार लावून घेतलं आणि आतून टीव्हीचा आवाज मोठा केला. पूनम जिना उतरून पुढच्या घरी गेली.

तुमच्या दारातही येईल ती. चहा-बिहा विचारत बसू नका. तिला खाली बसवा आणि ती सांगते ते पुरतं ऐका, तुमचं पोर शाळेतून घरी यायच्या आत.