बायजाचं अळणी ताट

पंच, बायजाचं मीठ तुम्ही बंद केलंत. तिचा गळा दाबला नाहीत, हे खरं. तिच्या नवऱ्याचे दिवस झाल्यावर ओटीवर चहा पीत तुम्ही फक्त सांगितलंत, "लेकीचा लगीन होय तवर रांडमुंड बाईनी अळनी खावा. नयतर मांडवान जातीचा पाय पडनार नय." आणि उठून गेलात.

बायजा कळव्याच्या मिठागरात मीठ ओढायची. पायांच्या भेगांत मीठ, लुगड्याला मीठ, केसांत मीठ. घरी आली की अळणी भात. असं दीड वर्ष. त्रेपन्नच्या उन्हाळ्यात एका दुपारी ती मिठाच्या ढिगाशीच कोसळली. कित्येक महिने जुलाब होत होते, रक्त पडत होतं. कुणाला बोलली नव्हती.

दीर धाकूनं तिला ठाण्याच्या इस्पितळात आणलं. आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली. डॉक्टरांनी रक्त मुंबईला धाडून तपासून घेतलं.

"बाई, गाठ काढता येईल. पण तुमच्या रक्तात मीठ फार कमी आहे. जुलाबांत गेलं, वर तुम्ही खातही नाही. असं शरीर कापलं तर पुढं सावरत नाही. आठ दिवस मीठ घ्या, मग काढू."

शेजारच्या खाटेवरची सगुणा हसली. "मिठागराची बाय न मिठाला महाग!"

बायजाही हसली. पण पेजेत मीठ लागलं की वाटी सरकवायची. नर्सनं शिरेत सुई लावली तेव्हा तिनं विचारलं, "बाटलीन क हाय?"

"मीठपाणी."

तिनं सुई उपटून टाकली.

लेक मालन रडकुंडीला आली. जेठात तिचं लग्न ठरलं होतं. "आये, खा ना गो! कोन बघतंय इथं?"

"बघनारे बघतान. तुजा लगीन मोडंल."

"मोडू दे!"

"तुला नय कलायचा."

धाकू तुमच्या ओटीवर आला होता, आठवतं? टोपी पायाशी ठेवून म्हणाला, "येकदा हो म्हना. ती फकस्त तुमचा ऐकंल." तुम्ही म्हणालात, "आवसंचे बैठकीन बघू." अवसेला नऊ दिवस होते.

अवसेच्या आतच, सातव्या दिवशी, आतडं बंद पडलं, पोट तटतटून फुगलं. थांबायची सोय उरली नाही. डॉक्टरांनी गाठ काढली. बायजा मात्र सावरली नाही. मालनला ओळखेना, टाके धरेनात. गाठ काढल्यापासून दहाव्या दिवशी गेली. मीठ मिळतं तर जगलीच असती, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. "झुंजायला बळ आलं असतं," एवढंच म्हणाले.

बाराव्याला तुम्ही पहिल्या पंगतीत बसलात. घास घेतलात आणि तोंड वाकडं केलंत. "पोरी, वरनान मीठ नय! मीठ आन."

मालननं सगळा स्वयंपाकच अळणी केला होता. मिठाचं मडकं काखेत घेऊन ती तुमच्या पानासमोर उभी राहिली.

"येक घास नय गेला तुमाला? माजी आयस दीड वरीस खात व्हती."

पंगत थांबली. नवऱ्या मुलाच्या बापानं मान खाली घातली. धाकूनं तिला आवरलं नाही.

"लगीन मोडा नयतर ठेवा. पन आयसचा मीठ कशापायी बंद केला, ता सांगा. मंग वाढतय."

तुम्ही तांब्या उचललात, चूळ भरलीत, उठलात.

मालन अजून मडकं घेऊन उभी आहे. पंच, बोला.