शेवटची ओळ काढा

दर्शनाने चारकोपात काव्यकट्टा सुरू केला तेव्हा एक नियम घातला, आणि तो डोळ्यांत तेल घालून पाळला: ग्रुपवर कवितेशिवाय काहीही टाकायचं नाही. सुप्रभात नाही, गुलाबाची फुलं नाहीत, वाढदिवस नाहीत. एकदा फ्रेडा आंटीने कुणी चांगला प्लंबर ठाऊक आहे का, असं विचारलं, तर हिने तिलासुद्धा महिनाभर ग्रुपबाहेर काढलं. सत्तरीची बाई हो! घरी येऊन माफी मागून गेली बिचारी. पण नियम म्हणजे नियम. दर्शना एका कारखान्याचं ऑफिस सांभाळायची आणि कट्टाही तसाच सांभाळायची.

फ्रेडा आंटी गावठाणातल्या बैठ्या घरात एकटीच राहायची. एक पुतण्या, गॅविन, तो आखातात. आपण घरात बोलतो ती बोली कागदावर उतरते, हे तिला कट्ट्यावर आल्यावर कळलं, आणि मग काय, बाई सुटलीच! मोबाइलवर मराठी टाइप करायला दर्शनानेच तिला शिकवलं. दर्शनाचा तिच्यावर जीव होता, खोटं कशाला बोला.

कट्ट्याची आणखी एक रीत होती. शनिवारी आठवड्याची कविता निवडायची, आणि रविवारी सगळ्यांनी त्या कवीच्या घरी जमायचं. कवीने फक्त चहा टाकायचा, खाऊ बाकीच्यांनी न्यायचा. आपल्या घरी मैफल व्हावी म्हणून माणसं चार-चार वेळा कविता दुरुस्त करायची.

त्या शुक्रवारी संध्याकाळी दर्शना ऑफिसात कामात बुडालेली असताना आंटीचा फोन आला. नुसतं घूं-घूं. "आंटी, आवाज येत नाहीये, नेटवर्कची वाट लागलीय. मेसेज टाका ना," म्हणत तिने फोन ठेवला. थोड्या वेळाने ग्रुपवर आंटीची कविता आली.

पाय माजा आयकत नाय
जीभ जड झाली
ओट्याखाली लादी गार गार
दार लावलेलं हाय
कोनतरी या

आणि ग्रुपवर नुसता जल्लोष! "काळजात घुसली," असं सिद्धेशने लिहिलं. हा एका कॉलेजात मराठी शिकवायचा, त्यामुळे त्याला प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसायचंच. जड झालेली जीभ म्हणजे मरणारी बोली, असं त्याचं म्हणणं. बँकेतून निवृत्त झालेल्या चंद्रप्रकाशना ते पटेना. गार लादी म्हणजे गावठाणावर ओतलेलं काँक्रीट आहे, असं ते म्हणाले. दोघांची चांगलीच जुंपली. दर्शना घरी जाऊन जेवली, मग कविता पुन्हा वाचली. तिला भरून आलं. आंटी कुठून कुठे पोचली, असं वाटलं. आणि तिने लिहिलं, "आंटी, झकास! फक्त शेवटची ओळ काढा. ती फार उघडी पडते. दार लावलेलं हाय, इथेच थांबा."

शनिवारी सकाळी सुधारित कविता आली. चारच ओळी. "आता जमली," असं लिहून दर्शनाने तिची निवड जाहीर केली.

रविवारी दुपारी सगळे समोसे आणि मोगऱ्याचा गजरा घेऊन गावठाणात पोचले. बेल वाजवली, हाका मारल्या. आतून काही नाही. "प्लंबरचं अजून विसरली नाही वाटतं, फुगून बसलीय," असं सिद्धेश म्हणाला आणि सगळे हसले. दर्शनाही हसली.

तेवढ्यात शेजारची ज्युलिया बाहेर आली. वसईला बहिणीकडचं लग्न आटपून ती नुकतीच घरी आली होती, अजून बॅगसुद्धा उघडली नव्हती. आंटीच्या दारात दोन दिवसांच्या दुधाच्या पिशव्या तशाच बघून तिचा चेहराच उतरला. ती घरातून, आंटीने तिच्याकडे ठेवायला दिलेली चावी घेऊन धावत आली.

फ्रेडा आंटी ओट्याखाली लादीवर पडली होती. उजवं अंग लुळं, तोंड वाकडं, साडी ओली. डाव्या हाताशी मोबाइल. जिवंत होती. तिने सगळ्यांकडे पाहिलं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. दर्शना "अगं आई गं" म्हणून दारातच मटकन खाली बसली. ज्युलियाने तिला ओलांडून आत जाऊन आंटीचं डोकं मांडीवर घेतलं.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, शुक्रवारीच आणलं असतं तर बरंच वाचवता आलं असतं. आता जीव वाचेल, पण हाताचं सांगता येत नाही, आणि बोलणं परत येईल असं धरून चालू नका.

बाकीचे एकेक करून निघून गेले. बाकावर दर्शना आणि ज्युलिया दोघीच उरल्या. आंटीने ती ओळ का काढली, हे आता दर्शनाला कळत होतं. कविता निवडली की सगळे घरी येतात, हे आंटीला पक्कं ठाऊक होतं. लादीवर पडल्या पडल्या, एका हाताने, तिने दर्शनाचं ऐकलं होतं. माणसं यावीत म्हणून.

दर्शनाने ज्युलियाला सगळं सांगितलं. फोन, नियम, ओळ, काहीच लपवलं नाही. ज्युलियाने तिचा मोबाइल मागून घेतला आणि शुक्रवारची कविता हळूहळू वाचली. तिला कवितेतलं काही कळत नव्हतं, कट्ट्यावर ती कधी फिरकली नव्हती.

"हे तिनं शुक्रवारीच लिवलेलं?"

"हो."

"आनि तुमी समद्यांनी वाचलेलं?"

"वाचलं गं," दर्शना रडत म्हणाली. "पण आम्हाला वाटलं, कविता आहे."

ज्युलियाने पुन्हा एकदा मोबाइलकडे पाहिलं. ती चिडली नव्हती. तिला खरंच समजत नव्हतं.

"कविताच हाय की," ती म्हणाली. "मंग?"